डिश कोणत्या जिन्यानं गेली?

छापून आलेल्या बातम्या कधी साठत नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी आलुबोंड्याखाली जातात आणि संपतात. साठतात त्या न छापलेल्या! अमरावतीत तीस वर्षं वार्ताहरकी केली. ज्या मजकुरावर संपादक 'यात बातमी काय?' असं लाल पेनानं लिहून परत पाठवायचे, तो मजकूर मी टेबलाच्या तिसऱ्या खणात टाकत गेलो. आता तो खण उघडत नाही. ओढला तर पुढची फळीच हातात येते!

त्यातले निम्मे कागद एकाच माणसाचे आहेत. भास्कर वानखडे. आमच्या कार्यालयाच्या जिन्याखाली त्याचं डिश अँटेना लावून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकवलेल्या डिश. एका स्टुलावर वानखडे, दुसऱ्यावर त्याचा जोडीदार इस्माईलभाई.

डिश लावणं म्हणजे चार नट आवळणं, असं ज्यानं कधी लावली नाही त्यालाच वाटतं. उपग्रह आपल्याकडून दक्षिण आणि आग्नेय यांच्या मध्ये, चांगली मान मोडेल इतका वर असतो. डिश बोटभर सरकली की टीव्हीवर अंधार. म्हणून माणसं दोन लागतात. वानखडे छतावर, डिश धरून. इस्माईलभाई खाली, टीव्हीसमोर. वरून हाक येते, "आलं का?" खालून उत्तर जातं, "तीस! चाळीस! गेलं! आलं, आलं!" आणि नुसता आकडा सांगून भागत नाही. शेजारचा भलताच उपग्रह पकडला गेला तरी आकडा येतो. म्हणून पडद्यावर काय दिसतंय, काय ऐकू येतंय, तेही खालच्यानं ओरडून सांगायचं.

मी एकदा विचारलं, "अरे, मोबाईलवर का बोलत नाही?"

"एका हातात डिश, एका हातात पाना. मोबाईल काय दातात धरू, भाऊ?"

वानखडेचा नियम एकच. "खालचा खोटं बोलला की वरचा आंधळा." इस्माईलभाईनं वीस वर्षांत एकही खोटा आकडा सांगितलेला नाही. आमच्या पेपरबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात वानखडे जिना चढून माझ्याकडे आला. "भाऊ, एक अर्ज लिहून द्या."

"कसला?"

"माफीचा."

मी चष्मा काढला. "तू माफी मागतोस?"

"नाई ना! माफी मागत नाही, असा अर्ज. पन चांगल्या मराठीत पाहिजे. मी लिवून पाह्यला, तं नुसत्या शिव्याच येऊन राहिल्या!"

झालं होतं असं, की एका माजी सभापतींच्या नव्या बंगल्यावरून तो डिश अर्धवट सोडून उतरला होता. सभापतींनी तक्रार केली. अकोल्याच्या डिस्ट्रिब्युटरनं कळवलं, आठ दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर आयडी बंद. कामं त्या आयडीवरच येतात. आयडी गेला की दोघांचं शटर खाली! आणि तक्रार मिटायचा दुसरा रस्ता एकच होता. तक्रार करणाऱ्याच्या मोबाईलवर एक कोड येतो, तो त्यानं स्वतः सांगायचा. सभापती तो सांगणार, असं कोणालाच वाटत नव्हतं.

वानखडे काम सोडून का उतरला, ते सांगतोच. पण आधी हा माणूस कसा आहे ते कळू द्या.

*

बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर. नवं घर, आणि घराबरोबर एक वास्तुतज्ज्ञही. हातात होकायंत्र! वानखडेनं डिश वळवली तसा तो तज्ज्ञ ओरडला, "थांबा! हे तोंड दक्षिणेकडे चाललं."

"उपग्रह तिकडंच हाये, साहेब."

"दक्षिण ही यमाची दिशा आहे."

"असंन. यमाच्या शेजारी भाड्यानं राहत असंन बापा. मले घर त्याचं तेवढंच माहीत हाये."

मॅनेजरसाहेब हात जोडून म्हणाले, "वानखडे, ईशान्येला लावा. मी जबाबदारी घेतो."

बँकेत आयुष्य गेलं. जबाबदारी घेतो म्हटलं की समोरचा ऐकतो, अशी सवय! वानखडेनंही ऐकलं. डिश ईशान्येला वळवली, नट आवळले, खाली आला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. पडदा काळा.

"चित्र कुठंय?"

"चित्र नाही साहेब. शांती हाये."

तिसऱ्या दिवशी भारताची मॅच होती. सकाळी नऊ वाजता मॅनेजरसाहेब स्वतः स्कूटरवर दुकानात. वानखडे चहा पीत होता. तो उठलाच नाही. "त्या कंपासवाल्याले घेऊन या," म्हणाला. "त्यानं सोताच्या हातानं दक्षिणेले फिरवाले पाहिजे. मी फक्त नट आवळीन."

आणि खरंच, तज्ज्ञानं फिरवली! मॅच सुरू झाली तेव्हा तोही सोफ्यावर बसला होता. होकायंत्र खिशात.

*

अकोल्यात कमलाकाकू म्हणून आहेत. शहराबाहेर त्यांचा फुलांचा आणि वांग्या-टमाट्यांचा मळा. पहाटे बाजार, दुपारी सीरियल, हा नेम. त्यांच्या अंगणातल्या खांबावर वानखडेनंच डिश बसवलेली.

एके दिवशी कुंपणाला चिकटून एका नेत्याच्या वाढदिवसाचं होर्डिंग उभं राहिलं. दोन मजली, मागून पत्रा मारलेला. डिशच्या बरोबर तोंडासमोर! सीरियल बंद.

काकूंनी कार्यकर्त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, आठ दिवसाचा तं प्रश्न हाये." आठ दिवस गेले. वाढदिवस होऊन गेला, नेते एका वर्षानं मोठे झाले, पण होर्डिंग जागचं हललं नाही.

वानखडे आला. म्हणाला, "काकू, खांब उंच करतो. दहा फुटाचा पाईप आणतो."

काकू कडाडल्या. "माह्या डिशनं काहून उंच व्हावं? अंगण माहं, खांब माहा. त्यानं खाली बसावं!"

"तो नाही बसत, काकू."

"मंग मले सांग, ते तुह्यं किरण का काय म्हनते ते, या पत्र्यातून कुठून जाते?"

वानखडेनं डिशजवळ बसून एक डोळा मिटला. अंदाज घेतला, मान वर केली आणि होर्डिंगवरच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"अबे, सांग ना!"

"काकू... बरोबर नाकातून जाते."

पत्रा कापायची कात्री वानखडेची. शिडी काकूंची. भोक काकूंनी स्वतः पाडलं, चांगलं परातीएवढं! खालून इस्माईलभाई आकडे सांगत होता, "साठ! सत्तर! काकू, जरा गालाकडं घ्या! ऐंशी! बस बस!"

दुपारची सीरियल लागली. रस्त्यावर गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत कार्यकर्त्यांनीच होर्डिंग उतरवून नेलं. काकू बाजारातून परत आल्या आणि मोकळं आभाळ पाहून भडकल्या.

"मले इचारल्याशिवाय काहून काढलं? एवढ्या मेहनतीनं सेटिंग केली होती!"

ही बातमी मी दिली होती. संपादकांनी लिहिलं, 'यात बातमी काय?' त्या नेत्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात आमच्याच पेपरात येऊन गेली होती.

*

आता तो डिस्ट्रिब्युटर. त्याचं कार्यालय अकोल्यात. आत इतकं थंड, की मे महिन्यातही तो जाकीट घालतो. त्याच्या मोबाईल ॲपचा नियम असा, की चाळीस मिनिटांत काम संपवायचं आणि शेवटी डिशशेजारी उभं राहून स्वतःचा हसरा फोटो टाकायचा. हसरा! अकोल्याच्या उन्हात, दुपारी, टिनाच्या छतावर!

वानखडेचे फोटो वारंवार परत यायचे. 'चेहरा प्रसन्न नाही.'

एकदा डिस्ट्रिब्युटर तपासणीला आला. एका गोदामाचं छप्पर होतं, सगळंच टिनाचं. तो खाली सावलीत उभा राहून घड्याळ दाखवू लागला. "वानखडे, बावन्न मिनिटं झाली. तुम्ही वर नेमकं करता काय?"

"या ना साहेब, दाखवतो."

साहेब शिडी चढले. नवे बूट होते, छप्पर उतरतं होतं. दोन पावलं गेले आणि तोल सावरायला हात टेकवायला लागले.

"हात नका टेकू, साहेब," वानखडे म्हणाला. "बसा. बसलं की पडत नाही मानूस."

साहेब बसले! आणि जसे बसले तसेच उठले. तेवढ्यात वानखडेनं मोबाईल काढला, डिशशेजारचा त्यांचा फोटो घेतला आणि ॲपवर टाकून दिला. मिनिटभरात उत्तर आलं : 'चेहरा ओळखता येत नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"साहेब, पुन्हा बसता का?"

त्या आठवड्यात चाळीसची साठ मिनिटं झाली, उन्हाळ्यापुरती. अमरावती-अकोल्याच्या सगळ्या डिशवाल्यांनी वानखडेला कुल्फी खाऊ घातली. पण डिस्ट्रिब्युटर तो दिवस विसरला नाही. सभापतींची तक्रार आली तेव्हा आठ दिवसांची नोटीस त्यानं आठ मिनिटांत पाठवली.

*

हा एक छोटा. वानखडेची आई चांदूर रेल्वेजवळच्या गावात राहते, घर रुळाला लागून. गाडी गेली की डिशचा खांब हलतो आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. मी म्हटलं, "जिल्ह्याच्या डिश लावतोस, आईची तेवढी नीट करत नाहीस?"

"गेलो होतो ना, भाऊ. हात लावू देत नाही. गावातले लोक पॅसेंजरले निघायच्या आधी तिले इचारतेत, आजी गाडी गेली का? ते सांगते, अजून टीव्ही हलला नाही, आरामात जा. म्हने, तुह्या सिग्नलच्या पायी माही इज्जत घालवतो काय?"

*

सेमाडोहकडचा एक खासगी रिसॉर्ट. मालक अमरावतीचा. पाहुण्यांना जंगलात येऊनही टीव्ही लागतो, म्हणून वानखडे आणि इस्माईलभाई शंभरावर किलोमीटर गेले. मालकाच्या खोलीवर डिश धरली, तर समोर सागाचं झाड. आकडा वीसच्या वर जाईना.

झाड हद्दीबाहेरचं, जंगलाचं. मालक म्हणाला, "एक फांदी तर आहे. बेठेकर, चढ आणि तोड."

बेठेकरबाबा म्हणजे तिथला कोरकू चौकीदार. म्हातारा, पण काटक. त्यानं मुकाट्यानं कुऱ्हाड उचलली. वानखडेनं त्याच्या हातावर हात ठेवला. "बाबा, पकडले गेले तं कोनाचं नाव सांगसान?"

बाबानं मालकाकडे पाहिलं. मालकच बोलला, "अहो, त्याला कोण पकडतंय! आणि पकडलं तर बघू."

"मंग असं करू साहेब," वानखडे म्हणाला. "कुऱ्हाड तुमी घ्या. चढा. फांदी मी दाखवतो. पकडलं तर बघू."

मालक तापला. "तुम्ही डिश लावायला आलात की भाषण द्यायला?"

"डिशच लावाले आलो. जिथं आभाळ असंन तिथं लावीन."

आणि त्यानं आभाळ शोधलं. सबंध रिसॉर्टमध्ये दक्षिणेकडचं मोकळं आभाळ एकाच ठिकाणी होतं. टोकाला, चौकीदाराच्या खोलीवर! तिथून मालकाच्या खोलीपर्यंत वायर ओढली तर सिग्नल वाटेतच मरत होता. टीव्ही चौकीदाराच्या ओसरीवर लागला.

पुढच्या हिवाळ्यात मी मेळघाटात गेलो होतो. संध्याकाळी पाहिलं, मालक स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून ओसरीकडे निघालेला. बेठेकरबाबा खाटेवर, मांडीवर रिमोट. मालक अदबीनं म्हणाला, "बाबा, बातम्या लावता का?"

बाबानं विचार केला. "हे कुस्ती संपू दे."

*

आता सभापतींचा बंगला. ते कशाचे सभापती होते ते लिहीत नाही. लिहिलं तर त्यांनाच बरं वाटेल.

वानखडे आणि इस्माईलभाई सकाळी दहाला पोचले. डिश, पाईप, वायर, सगळं सामान सभापतींच्या पुतण्यानं आदल्या रात्रीच दुकानातून आणून गच्चीवर ठेवलं होतं. गच्चीचा जिना दिवाणखान्यातून, देवघरापाशी वळून वर जातो. वानखडे आत पाऊल टाकणार, तेवढ्यात सभापतींनी गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"वानखडे."

"कोणते वानखडे?"

वऱ्हाडात हा प्रश्न साधा नसतो. वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. आणि हे विचारणारा आणि ज्याला विचारलं तो, दोघंही ओळखून असतात.

"चांदूर रेल्वेचे," वानखडे म्हणाला.

"तसं नव्हे हो. म्हणजे, कोणते?"

"छप्पनचे."

छप्पन साली त्याच्या आजोबांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. सभापतींना बरोबर समजलं. आवाज आणखी गोड झाला. "असं करा, मागून लोखंडी शिडी आहे, तिकडून जा. आमच्याकडे देवघराचं जरा सोवळं आहे. आईसाहेबांच्या वेळेपासून."

वानखडेनं शिडी पाहिली. मग पुतण्याला विचारलं, "डिश कोणत्या जिन्यानं गेली?"

"ह्याच. आतल्या."

"डिश माह्याकडूनच आली. काल दिवसभर माह्या दुकानात होती, माह्या हातानं पुसली. तिले सोवळं लागलं नाही?"

"अहो, वाद कशाला घालता?"

"वाद नाही साहेब. ज्या जिन्यानं डिश गेली, त्या जिन्यानं मी जाईन."

इस्माईलभाई म्हणाला, "और मैं? मेरा तो अभी पूछा भी नहीं!"

दोघं परत आले. डिश गच्चीवर तशीच, आभाळाकडे पाठ करून. दुपारी तक्रार गेली : 'कर्मचाऱ्याचे उद्धट वर्तन.'

ही बातमी मी त्याच दिवशी लिहिली. नावानिशी. लाल पेन आलं : 'यात बातमी काय? जिन्याचा वाद आहे.'

*

मग मी अर्ज लिहायला घेतला. चार कागद फाडले. आमच्याकडे पुण्याहून आलेला एक उपसंपादक आहे, तो म्हणाला, "सर, 'दिलगिरी' शब्द घाला. त्यात माफीही नसते आणि भांडणही नसतं." मी त्याला अग्रलेखाकडे पाठवून दिलं. तिथं त्याच शब्दांवर काम चालतं.

शेवटी तीन वाक्यं उरली. 'आपल्या ग्राहकाच्या घरी मी काम अर्धवट सोडले, हे खरे आहे. डिश ज्या जिन्याने वर गेली त्या जिन्याने मला जाऊ दिले नाही, हेही खरे आहे. माफी कोणी मागायची ते आपण ठरवावे.'

मला स्वतःवर खूश व्हायला झालं. वानखडेनं दोनदा वाचलं.

"भाऊ, शेवटचं वाक्य काढा."

"का? कडक झालं?"

"नाई. ठरवाले त्याईले काहून द्याचं?"

दोन वाक्यांचा अर्ज अकोल्याला गेला. उत्तर आलं : 'माफीचा उल्लेख नाही. रविवारी सायंकाळी सहाला आयडी बंद होईल.'

*

त्याच रविवारी पाच वाजता सभापतींची मुलाखत एका वृत्तवाहिनीवर लागायची होती. आधीच चित्रित झालेली, अर्ध्या तासाची. मोबाईलवर दिसली असती. पण मोबाईलवर पाहायला पन्नास माणसं जेवायला बोलावता येत नाहीत! दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही, खुर्च्या मांडलेल्या, मागं आचारी. पत्रकार म्हणून मलाही बोलावणं होतं. मी गेलो. न जायला मी काय खुळा आहे?

फक्त डिश लागलेली नव्हती.

आठवडाभर ती लागलीच नव्हती. शहरातल्या डिशवाल्यांच्या ग्रुपवर इस्माईलभाईनं एक ओळ टाकली होती : 'उस बंगले में डिश का जीना अलग, आदमी का अलग.' बस, एवढंच.

तीन वाजता त्या ग्रुपमधला देशमुखांचा प्रवीण आला. सभापतींनी आडनाव विचारलं आणि हसून आतला जिना दाखवला. प्रवीणनं हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही. "वानखडे कोणत्या जिन्यानं गेला होता?"

"त्याचं वेगळं होतं. तुम्ही या ना."

"मंग नाही जमत."

साडेतीनला दुसरा आला. तोच प्रश्न, तेच उत्तर, गेला. चारला तिसरा. त्यानं तर मोटारसायकल बंदही केली नाही. तिच्यावर बसूनच विचारलं आणि वळवली. पाहुणे पापड खात एकमेकांकडे पाहू लागले.

सभापतींनी अकोल्याला फोन लावला. डिस्ट्रिब्युटरचा आवाज मला खुर्चीवर ऐकू येत होता. "साहेब, त्या कामावर वानखडेचाच आयडी आहे. दुसरा कोणी जायला तयार नाही. काय करू, मी येऊन चढू?"

अकोल्याहून फोन गेला असावा, साडेचारला वानखडे आला. सोबत इस्माईलभाई. दारात उभं राहून त्यानं एवढंच म्हटलं, "कुठून जाऊ?"

पन्नास माणसं सभापतींकडे वळली. सभापतींनी मागच्या दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसत. "इकडून या, वानखडेभाऊ. जिना इकडं आहे."

सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, तिथंच त्यानं आपल्या काढल्या. दिवाणखाना ओलांडला, देवघरापाशी वळला आणि वर गेला. देव होते तिथंच होते. समई विझली नाही, काही नाही.

वरून हाक आली, "इस्माईलभाई, आलं का?"

इस्माईलभाई सोफ्यावर बसला होता. त्यानं गळ्याला हात लावला आणि सभापतींना म्हणाला, "साहब, आवाज बैठ गया. आप बोलो." आणि मोबाईलवर कोडचं पान उघडून मांडीवर ठेवलं.

पुतण्या खिडकीत धावला. "तीस!"

"कोन बोलून राहिलं?" वरून आवाज. "कनेक्शन ज्याच्या नावानं हाये त्याले बोलू द्या. मंग तक्रार येते!"

पाच वाजायला तीन मिनिटं. सभापती उठले. खिडकीत उभे राहिले. समोरच्या घरांच्या गच्च्यांवर माणसं जमू लागली होती.

"चाळीस!" सभापती म्हणाले.

"ऐकू नाही आलं!"

"चाळीस!! पंचावन्न! गेलं... सत्तर! ऐंशी! आलं, वानखडे, आलं!"

"काय दिसून राहिलं?"

सभापतींनी पडद्याकडे पाहिलं. मुलाखत सुरू झाली होती. "मीच आहे!"

"तुमी काय म्हनून राहिले? आवाज पाहा लागते, बराबर हाये का नाही."

पडद्यावरचे सभापती हसून सांगत होते, की सार्वजनिक जीवनात आपण एकच तत्त्व पाळलं. खिडकीतल्या सभापतींनी ते ऐकलं. पन्नास माणसांनीही ऐकलं. सभापती खिडकीतून मागं सरकू लागले.

चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला.

"गेलं! वानखडे, गेलं!"

"मंग सांगा लवकर! हात दुखून राहिला!"

चित्र परत आलं. मुलाखत घेणारी तेच तत्त्व पुन्हा वाचून दाखवत होती.

"माझ्या घराचा..." सभापती हळू म्हणाले.

"काय?"

"माझ्या घराचा दरवाजा..."

"जोरात, साहेब! वारा हाये वरती!"

सभापतींनी खिडकीची दांडी धरली आणि सगळी गल्ली ऐकेल असे ओरडले, "माझ्या घराचा दरवाजा सगळ्यांसाठी सारखाच उघडा आहे!!"

समोरच्या गच्चीवर कोणीतरी टाळी वाजवली.

"हां," वरून आवाज आला. "आता कोड."

सभापतींनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला आणि एक एक आकडा आभाळाकडे तोंड करून ओरडून सांगितला. इस्माईलभाईनं दाबले. मोबाईल टुण्णकन वाजला : 'तक्रार बंद.'

गच्चीवर पाना फिरल्याची कुरकुर ऐकू आली. मग वानखडे.

"बराबर अँगल आला, साहेब. टाईट करून राहिलो. आता हलू देऊ नका!"